भागीदार बदलतात, पाटी राहते : नाटक मंडळीपासून नातवाच्या बँडपर्यंत



या ग्रुपवर आपण जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, पंक्तींच्या आठवणी वाचतो. आज जरा वेगळा विषय घेतोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमचा धाकटा नातू इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा पाच मुलांचा बँड आहे. सरावाची जागा म्हणजे आमच्या घराची वरची खोली. तिथून जो आवाज येतो त्याला आमची ही "कोणाला तरी वाचवायला जा" असं म्हणते. मी एकदा त्याला विचारलं, बाबा रे, हे कुठलं संगीत? तो म्हणाला, "आजोबा, हे पोस्ट-हार्डकोर आहे." मी म्हटलं, पोस्ट म्हणजे टपाल, की नंतरचं? "नंतरचं." मग ठीक आहे.

त्या रात्री मात्र वरून आवाज आला नाही. पोरगा जेवायला खाली आला तेव्हा तोंड उतरलेलं. ड्रम वाजवणाऱ्या मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली, तो चालला. इतपत ठीक होतं. पण तो म्हणतोय की बँडचं नाव त्यानं सुचवलं होतं, तेव्हा ते दुसऱ्या ड्रमरबरोबर वापरायचं नाही. आणि ड्रमसेट पाचही जणांच्या वर्गणीतून आलेला. तो कोणाचा? दोन गाणी त्याची आहेत, ती वाजवायची की नाही? पाच मित्रांचे तीन गट झाले होते आणि एकमेकांशी बोलणं बंद.

नातू म्हणाला, "आजोबा, बँड खतम."

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली कितीतरी वर्षं कर्ज खात्यात. भागीदारी फुटताना मी इतक्या वेळा पाहिली आहे की सराफ्यातल्या हलवायानं जिलब्यासुद्धा इतक्या तळल्या नसतील. म्हटलं, खतम काही नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला हा धडाच होता. भागीदाराचा प्रवेश, भागीदाराची निवृत्ती, भागीदाराचा मृत्यू आणि शेवटी पेढी मोडणं. चार वेगवेगळे हिशेब. लोक पहिल्या तिघांना चौथा समजतात, तिथे घोळ होतो.

आणि मग मी त्याला आपल्या मराठी माणसांच्या सगळ्यात मोठ्या 'बँड'ची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

किर्लोस्कर मंडळी

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब. पुण्यात सरकारी महसूल खात्यात नोकरीला. आपल्यासारखाच कारकुनी पेशा. ३१ ऑक्टोबर १८८० ला त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाची खरी वाट तिथून सुरू झाली. बरोबर होते मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर. १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं आणि त्याच सुमारास भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले. स्त्रीभूमिका करणारा असा गळा लोकांनी ऐकला नव्हता.

आता बघा. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब गेले. मंडळी सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं. ज्याच्या नावानं पाटी, तोच गेला. 'रामराज्यवियोग' अर्धवट राहिलं. कुठल्याही बँक मॅनेजरनं त्या दिवशी कर्ज परत मागितलं असतं! पण मंडळी मोडली नाही. देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांची नाटकं आली. १८९९ चं 'शारदा' त्यातलंच. भाऊराव १९०१ मध्ये गेले. पुन्हा लोक म्हणाले, संपलं. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. तेच बालगंधर्व.

म्हणजे पंचवीस वर्षांत लेखक बदलला, गायक बदलला, मालक बदलले. पाटी तीच, 'किर्लोस्कर'. आम्ही याला गुडविल म्हणतो. ताळेबंदात ते हाताला लागत नाही, पण तिकिटाच्या खिडकीवर बरोबर दिसतं.

१२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरी ते रात्री उभे राहिले, हे आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं आहे. लहानपणी मला त्यात फक्त मोठेपणा दिसायचा. आता वाटतं, मंडळी म्हणजे काय ओझं असतं ते त्यात आहे. एकाचं दुःख असलं तरी बाकीच्या शंभर पोटांची चूल त्याच्यावर असते.

त्याच वर्षी जोगळेकर गेले. त्यांच्या माघारी मालकी आणि कारभार यांवरून बिनसत गेलं. एकीकडे शंकरराव मुजुमदार, दुसरीकडे ज्यांच्या नावावर लोक तिकीट काढत होते ते नट. हे भांडण मी झाबुआपासून मुंबईपर्यंत प्रत्येक शाखेत पाहिलं आहे. एक भागीदार म्हणतो दुकान माझं, दुसरा म्हणतो गिऱ्हाईक माझं. दोघंही खरं बोलत असतात.

गंधर्व मंडळी

जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. गाणारा, अभिनय करणारा आणि चाली बांधणारा. याहून चांगली भागीदारी कागदावर मांडता येणार नाही.

आणि दोनच वर्षांत, १९१५ मध्ये, टेंबे निघाले. त्यांनी स्वतःची शिवराज संगीत मंडळी काढली. संगीताची बाजू रिकामी झाली असं वाटलं. तर तिथे आले भास्करबुवा बखले. १९१६ चं 'स्वयंवर' त्यांच्या चालींचं. आज आपण घरी भजन म्हणावं तशी त्यातली पदं म्हणतो. म्हणजे एका भागीदाराच्या निवृत्तीमुळे जी जागा झाली, तिथे दुसरी एक दौलत आली. टेंब्यांचं काही कमी झालं का? तेही नाही. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट, त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबेच.

मग १९१९. गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. गडकरी जानेवारीत गेले, नाटक फेब्रुवारीत बडोद्याला उभं राहिलं. लेखकानं आपलं नाटक पाहिलंच नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू. पुढे बोडसही बाहेर पडले. तिघांतला एक उरला.

एक उरला आणि त्याच्याबरोबर उरलं कर्ज. भरजरी शालू, अत्तरं, गालिचे, मोठा गोतावळा, उत्तम वादक. साथीला नुसती नावं वाचा : तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनवर कांबळे. असा ताफा आज कोणाला परवडेल? खर्चाचा हिशेब ठेवणं बालगंधर्वांच्या स्वभावात नव्हतं. कर्ज लाखाच्या वर गेलं. त्या काळातले लाख, बरं का.

कायद्यानं त्यांना नादारी घेता येत होती. घेतली नाही. नाटकं करकरून वर्षानुवर्षं ते कर्ज फेडलं. माझ्या नोकरीत मी थकलेल्या कर्जांच्या फायली उशाला घेऊन झोपलो आहे, म्हणून मला ही गोष्ट 'स्वयंवर'च्या गाण्यांइतकीच सुरेल वाटते.

याच कर्जाच्या काळात ८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या, एक प्रयोग, आणि पैसा टिळक स्वराज्य फंडाला. स्वतः कर्जात असलेला माणूस देणगीसाठी उभा राहतो. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय तिशीच्या आसपास.

केशवरावांनी ललितकलादर्श १९०८ मध्ये हुबळीला काढली होती. त्यांच्यानंतर सूत्रं बापूराव पेंढारकरांकडे आली. बापूराव १९३७ मध्ये गेले, काही काळानं मुलगा भालचंद्र पेंढारकर उभा राहिला. ही मंडळी शंभरी ओलांडून गेली. ज्याची मूळ पाटी त्याच्या घराण्यातला एकही माणूस नसताना! याला म्हणतात भागीदाराचा मृत्यू, पण पेढी चालू.

आणि आपलं इंदूर

किर्लोस्करांकडून गंधर्व बाहेर पडले तेव्हा उरलेल्या मंडळीत मास्टर दीनानाथ मंगेशकर आले. पण १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे या तिघांनी बळवंत संगीत मंडळी काढली. बघा, पाच वर्षांत त्याच खोडाला दुसरी फांदी, पुन्हा तीनच माणसं. ('बळवंत' हे अण्णासाहेबांचंही मूळ नाव, हे लक्षात ठेवा. आणि कोल्हापुरे म्हणजे सिनेमातल्या पद्मिनी कोल्हापुरेंचे आजोबा.) गडकऱ्यांचं 'भावबंधन', वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी', सावरकरांचं १९३१ चं 'संन्यस्त खड्ग', ही सगळी बळवंतची नाटकं.

ही मंडळी जोरात असतानाच, २८ सप्टेंबर १९२९ ला, आपल्या इंदुरात शीख मोहल्ल्यात दीनानाथांना मुलगी झाली. लताबाई. आम्ही इंदूरकर त्या गल्लीवरून जाताना पाहुण्यांना हमखास थांबवतो, पुढची गोष्ट सांगतो आणि मग पोहे-जिलबी खायला नेतो.

पण बळवंतची पुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. १९३१ ला 'आलमआरा' आला आणि बोलपटानं तिकिटाची खिडकी फिरवली. दीनानाथांनी नाटक सोडून सिनेमात पैसा घातला, १९३४ चा 'कृष्णार्जुन युद्ध'. निभावलं नाही. मंडळी मोडली. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले तेव्हा लता जेमतेम साडेबारा वर्षांची होती. पेढी बुडाली, पण जे भांडवल कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं ते मुलीच्या गळ्यात होतं.

चिंतामणरावांनी हा सगळा काळ 'बहुरूपी'त लिहून ठेवला, त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बोडसांनी 'माझी भूमिका' लिहिलं. टेंब्यांनीही आठवणी लिहिल्या. भांडून वेगळ्या झालेल्या माणसांनी एकमेकांबद्दल काय आणि कसं लिहावं, हे या पुस्तकांतून शिकण्यासारखं आहे.

नातवाची बाजू

एवढं ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, हे तर आमच्यातही असंच आहे." आणि त्यानं लॅपटॉप उघडला. त्या रात्री मी शिष्य झालो.

मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. सुरुवातीला गाणारा दुसरा होता, मग उदय बेनेगल आले. पुढे गिटारवर जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. १९८८ आणि १९९० मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचे दोन अल्बम काढले. त्या वर्षांत मी मुंबईच्या शाखेत होतो. हे नाव कॉलेजच्या पोरांच्या तोंडी ऐकलं होतं आणि नाक मुरडलं होतं, हे कबूल करतो.

१९९३ मध्ये त्यांनी चालू पाटी उतरवली आणि नवी लावली, 'इंडस क्रीड'. जमवलेलं गुडविल सोडून नवीन नाव घ्यायला छाती लागते. १९९५ ला नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ ला बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' नावानं वाजवलं. २०१० मध्ये जुनी पाटी पुन्हा लागली. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने, आणि बेसवर रुशाद मिस्त्री, ड्रमवर जय राव कवी हे नवे. २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. सतरा वर्षांनंतर!

मग नातवाच्या जातीचं, म्हणजे आरडाओरड्याचं संगीत. मुंबईचा 'स्क्राइब'. गाणारे विश्वेश कृष्णमूर्ती. या पोरांच्या अल्बमची नावं ऐका : 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगँबो'. म्हणजे आवाज अमेरिकेचा आणि खलनायक आपले! त्यांचा बेस वाजवणारा श्रीनिवास सुंदरराजन सिनेमेही करतो.

आणि आपलं इंदूर इथेही मागे नाही. 'निकोटीन' नावाचा मेटल बँड इथे २००६ मध्ये निघाला. माणसं कोण? भोसले, गोखले, मलकापूरकर. मी म्हटलं, ही तर सत्यनारायणाच्या पूजेला बोलावलेल्यांची यादी झाली.

शेवटी त्यानं अमेरिकेतले दोन बँड दाखवले. हे दोन मला सर्वात पटले.

पहिला 'फुगाझी', वॉशिंग्टनचा. १९८७ पासून २००२ च्या शेवटापर्यंत वाजवत राहिले. चार माणसं, तीच चार. तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं, मोठ्या कंपनीकडे जायचं नाही, आपली रेकॉर्ड आपल्याच मित्रमंडळींच्या छोट्या कंपनीतून काढायची. मग एक दिवस थांबले. मोडलो असं जाहीर केलं नाही, भांडण नाही. खातं बंद केलेलं नाही, फक्त व्यवहार थांबले. बँकेच्या भाषेत निष्क्रिय खातं.

दुसरा 'ॲट द ड्राइव्ह-इन', टेक्ससमधल्या एल पासो गावचा, १९९४ च्या सुमाराचा. २००० मध्ये त्यांचा 'रिलेशनशिप ऑफ कमांड' हा अल्बम गाजला. सगळं जग ऐकायला लागलं आणि २००१ च्या मार्चमध्ये बँड थांबला. ऐन भरात. पाचांतले दोघे एकीकडे गेले आणि 'द मार्स व्होल्टा' काढला, तिघे दुसरीकडे गेले आणि 'स्पार्टा'. दोघांची गाणी अगदी वेगळी. एका बँडमध्ये ते दोन ओढे किती दिवस मावले असते? २०१२ मध्ये पाचही जण पुन्हा एकत्र आले. २०१६ मध्ये पुन्हा, पण जिम वॉर्ड या जुन्या गिटारवाल्याशिवाय.

मी नातवाला म्हटलं, हे तर १९१३ सालचं पुणं आहे. फक्त पगड्या नाहीत.

माझा बाजा

आता जे लिहितोय ते लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. पण दुसऱ्यांच्या फुटीचा इतिहास लिहायचा आणि आपला झाकायचा, हे बरोबर नाही.

१९७१ मध्ये रामबागेत आमचा पाच मित्रांचा ऑर्केस्ट्रा होता. नाव लिहीत नाही. गणेशोत्सवात, लग्नात, कोजागिरीला वाजवायचो. हार्मोनियम, ढोलक, बोंगो, एक गायक आणि मी. मी ॲकॉर्डियन वाजवायचो आणि खजिनदारही मीच, कारण कॉमर्सवाला. ते ॲकॉर्डियन जुनं, साडेतीनशे रुपयांना घेतलेलं. पाचांच्या बिदागीतून वर्षभर पैसे साठवून. आमचा गायक मित्र स्वतःच्या वाट्याची बिदागी कित्येकदा घरी न नेता त्यात टाकायचा. त्याच्या घरची परिस्थिती बेताची होती, हे मला माहीत होतं.

१९७४ मध्ये मला बँकेचं नेमणूकपत्र आलं. झाबुआ. गणपती चार दिवसांवर. तीन ठिकाणचे कार्यक्रम ठरलेले, विसार घेतलेला. मी कोणालाच काही न सांगता निघालो. धाकट्या भावाकडून निरोप पाठवला. आणि ॲकॉर्डियन बरोबर घेऊन गेलो. मनात म्हटलं, वाजवणारा मीच आहे, त्यांना काय उपयोग?

ऑर्केस्ट्रा त्या गणपतीनंतर बंद पडला. गायक मित्र पुढे गिरणीत लागला. मी सुट्टीवर आलो की त्या गल्लीतून जायचं टाळायचो. एकदा राजवाड्यावर समोरासमोर आलो. तो म्हणाला, "काय साहेब, कसं काय?" 'साहेब' म्हणाला. त्याआधी कधी म्हणाला नव्हता. मी घड्याळ बघितलं आणि निघालो. तो काही वर्षांपूर्वी गेला. गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

हजारो लोकांना मी हप्ते भरायला लावले. माझ्याच वहीत ही एक नोंद पन्नास वर्षं थकीत होती.

एका पानाचा करार

पुढच्या रविवारी मी पाचही मुलांना घरी बोलावलं. हिनं साबुदाण्याची खिचडी केली. मी म्हटलं, भांडायचं असेल तर खाऊन भांडा.

मग १९३२ चा भागीदारी कायदा थोडक्यात सांगितला. बाहेर पडणारा भागीदार आपला वेगळा धंदा करू शकतो, तोच धंदाही करू शकतो, पण वेगळा करार नसेल तर पेढीचं नाव वापरू शकत नाही. कलम ३६. एक जण म्हणाला, "आजोबा, आम्ही पेढी नाही." मी म्हटलं, पाच जणांनी पैसे घातलेत आणि भांडताय, म्हणजे पेढीच.

दोन तासांत एक पान तयार झालं. नाव उरलेल्यांकडे राहील. गाण्यांखाली ज्यानं लिहिलं त्याचं नाव कायम राहील, आणि ती दोन गाणी दोघांनीही वाजवावीत, तिकडेही आणि इकडेही. ड्रमसेटवर दोन वर्षांचा घसारा लावला, वर्षाला दहा टक्के, घटत्या शिलकेनं. जाणाऱ्याचा पाचवा हिस्सा त्याला तीन महिन्यांत द्यायचा. या घसाऱ्यावर मात्र अर्धा तास वाद झाला, कारण एक जण म्हणाला की तो ज्या ताकदीनं वाजवतो त्याला पंचवीस टक्के लावा. त्यावर ड्रमवालाच पहिला हसला.

शेवटचं कलम मी सांगितलं ते असं : जाणाऱ्यानं जाण्याआधी सर्वांसमोर यावं, स्वतः सांगावं आणि एकदा बरोबर वाजवून जावं.

ते त्यांनी केलं. शनिवारी संध्याकाळी वरच्या खोलीत. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो होतो. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण एका जागी सगळं एकदम थांबतं आणि एकटी गिटार हळू वाजते, तिथे मला गंमत वाटली. नंतर नातवानं सांगितलं, ते त्या जाणाऱ्या मुलाचंच गाणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून ॲकॉर्डियन काढलं. भाता फाटलाय, दोन पट्ट्या दबत नाहीत. रिक्षा केली आणि सुदामा नगरला वहिनींकडे गेलो. एका पाकिटात पैसे ठेवले होते, हिस्सा आणि पन्नास वर्षांचं व्याज, जमेल तसं काढलेलं. मी सगळं सांगितलं, निरोपापासून राजवाड्यापर्यंत.

वहिनींनी पाकिटाला हात लावला नाही. बाजाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच का तो? हे नेहमी सांगायचे, आमचा एक बाजा बँकेत जमा आहे म्हणून."

मला तिथे बसवेना. पण बसलो. चहा झाला. बाजा त्यांनी ठेवून घेतला. त्यांचा नातू दहावीत आहे, त्याला दुरुस्त करून देईन असं कबूल करून आलो. आता कारागीर शोधतोय.

असो.

मंडळी, आपल्या अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबा नाटक मंडळीत, भजनी मंडळात, ऑर्केस्ट्रात होते. कोण कधी आलं, कोण का गेलं, हे घरात माहीत असतं पण लिहिलेलं नसतं. जुनी जाहिरातपत्रकं, फोटो, हिशेबाच्या वह्या असतील तर इथे जरूर टाका. मोठ्या मंडळ्यांचा इतिहास बोडस आणि कोल्हटकरांनी लिहिला. गल्लीतल्या मंडळ्यांचा आपणच लिहायला हवा.

आणि इंदूर-उज्जैन-देवासकडे ॲकॉर्डियनचा भाता शिवणारा कोणी माहीत असेल, तर तेवढं कळवा.